वाचकांचे प्रश्न : केप टाऊनला निघण्यापूर्वी

दक्षिण आफ्रिकेतलं शूटिंग आणि तिथला प्रवास यांविषयी आलेल्या पत्रांपैकी अनेकांच्या उपयोगी पडतील अशी काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची पुण्यात छोटी जाहिरात संस्था आहे. दागिन्यांच्या एका ब्रँडची तीस सेकंदांची फिल्म केप टाऊनला करायची आहे. तिथलं सरकार खर्चाच्या २५ टक्के परत देतं म्हणे. ती रक्कम बजेटात धरावी का?

उत्तर : धरू नका. तिथल्या व्यापार व उद्योग खात्याची ही सवलत कथापट, टेलिफिल्म, मालिका, माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन यांच्यासाठी आहे. जाहिराती, रिअ‍ॅलिटी शो, बातम्या, खेळांचं प्रक्षेपण यांना ती लागूच होत नाही. परदेशी चित्रपटालाही सवलतीसाठी धरला जाणारा किमान दीड कोटी रँड खर्च दक्षिण आफ्रिकेत करावा लागतो, तिथे खास त्या प्रकल्पापुरती कंपनी नोंदवावी लागते आणि शूटिंग सुरू होण्याआधी अर्ज द्यावा लागतो. आधी शूट, मग कागद असं चालत नाही.

शिवाय ही रक्कम हातात पडते ती काम संपून हिशेब तपासल्यावर. २०२४ पासून तर नव्या मंजुऱ्या आणि जुन्या दाव्यांचे पैसे दोन्ही रखडल्याची ओरड आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी चित्रपट व्यवसायातली माणसं केप टाऊनला संसदेसमोर निदर्शनं करत होती. ज्या निर्मात्यांनी या परताव्याच्या भरवशावर कर्ज काढलं, त्यांच्या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. चित्रपट करणाऱ्या वाचकांनीही हा आकडा ‘मिळाला तर’ या रकान्यात टाकावा.

तुमचा फायदा होईल तो वेगळ्या ठिकाणी. तिथलं युनिट अनुभवी आहे, कॅमेरे-लाइट भाड्याने सहज मिळतात, आणि तासाभराच्या गाडीप्रवासात समुद्र, द्राक्षमळे, वाळूच्या टेकड्या आणि युरोपसारखी दिसणारी गल्ली मिळते. एका जागेहून दुसरीकडे युनिट हलवण्यात दिवस जात नाही, हीच खरी बचत. स्थानिक सेवांवर १५ टक्के व्हॅट लागतो. आलेलं कोटेशन व्हॅट धरून आहे की सोडून, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

प्रश्न : केप टाऊनला समुद्रकिनाऱ्यावर गाणं चित्रित करायचं आहे. नायिका साडीत, पाण्यात. कोणता महिना, कोणता किनारा? (साहाय्यक दिग्दर्शक, ठाणे)

उत्तर : सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा : तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. दिग्दर्शक मुंबईच्या सवयीने दक्षिणेकडे तोंड असलेली इमारत निवडतो, आणि रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, संध्याकाळी जाऊन आलेला असेल तर शूटच्या दिवशी भर दुपारी ती सावलीत बघून हबकतो. उत्तराभिमुख भिंतीवर दिवसभर ऊन, दक्षिणाभिमुख भिंतीवर सावली, असं तिथलं गणित आहे. टेबल माउंटनचा शहराकडचा कडा उत्तरेकडे पाहतो, म्हणून पोस्टकार्डात तो नेहमी उजळलेला दिसतो.

कॅम्प्स बे आणि क्लिफ्टन हे किनारे पश्चिमेला आहेत आणि पाठीमागे डोंगर उभा आहे. सकाळी सूर्य डोंगराआडून वर येईपर्यंत वाळू सावलीत राहते, त्यामुळे ‘सकाळचं कोवळं ऊन’ असं कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकावर, लिहून उपयोग नाही. तिथला वेळ दुपारी चारनंतरचा. डिसेंबरमध्ये सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणजे सोनेरी उजेडाला भरपूर वाव. जूनमध्ये तो पावणेसहालाच जातो, उगवतो पावणेआठनंतर, आणि तो पावसाळाही असतो. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम धरा. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत टाळा. शाळांना सुट्ट्या, किनारे माणसांनी गच्च आणि निम्मं युनिट गावाला.

आता पाणी. अटलांटिक बाजूचं, म्हणजे कॅम्प्स बे-क्लिफ्टनचं, पाणी भर उन्हाळ्यातही १० ते १४ अंशांवर असतं. गंमत अशी की ऊन जितकं कडक आणि आग्नेय वारा जितका जोरात, तितकं पाणी गार. तो वारा वरचं कोमट पाणी आत समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. कॅमेऱ्यात दिसतो निळा, उबदार समुद्र, आणि नायिकेचे ओठ दुसऱ्या टेकला निळे. साडीखाली त्वचेच्या रंगाचा पातळ वेटसूट घालायला द्या, किनाऱ्यालगत तापवलेली गाडी उभी ठेवा, आणि पाण्यातला एक टेक दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. नाहीतर पाण्यातले शॉट डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, फॉल्स बे या उपसागराच्या बाजूला, म्युझनबर्गला घ्या. तिथे उन्हाळ्यात पाणी १८ अंशांच्या वर जातं. पण म्युझनबर्ग वाऱ्याला उघडं पडलेलं आहे. दुपारी वारा सुटला की वाळू पदरात, डोळ्यांत आणि लेन्सच्या रिंगमध्ये जाते. तिथलं काम सकाळी उरका. क्लिफ्टन त्याच वाऱ्यापासून बरंचसं आडोशाला आहे. म्हणून स्थानिक मंडळी सकाळ म्युझनबर्गला आणि संध्याकाळ क्लिफ्टनला असा बेत आखतात, आणि तोच योग्य आहे.

टेबल माउंटनच्या माथ्यावर शॉट असेल तर राखीव दिवस ठेवाच. वारा वाढला की रोपवे बंद होतो आणि माथ्यावर ढगाची चादर पसरते. स्थानिक कंपन्या हवामानामुळे वाया गेलेल्या दिवसाचा दर वेगळा लावतात. तो करारात आकड्यासकट लिहून घ्या.

परवानग्या एका खिडकीत मिळत नाहीत. रस्ते आणि बरेचसे किनारे महापालिकेच्या फिल्म परमिट कार्यालयाकडे. टेबल माउंटन, केप पॉइंट, पेंग्विनांचा बोल्डर्स किनारा हा भाग राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सॅनपार्क्स या संस्थेकडे. रॉबेन बेट तिथल्या संग्रहालयाकडे, तर बंदरालगतचा दुकानं-हॉटेलांचा वॉटरफ्रंट खाजगी. आफ्रिकन पेंग्विन ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला आहे. तिथे प्लेबॅकचे स्पीकर लावून नाचगाणं करायची कल्पना असेल तर ती सोडून द्या.

प्रश्न : अंधेरीहून स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स न्यायच्या आहेत. कस्टमचं काय? बॅटऱ्या, चार्जर चालतील का?

उत्तर : एटीए कार्ने काढा, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता नेऊन परत आणण्याचा कस्टमचा दस्तऐवज. भारतात तो फिक्की ही उद्योग संघटना देते. वैधता एक वर्ष. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, वजन आणि किंमत यादीत लागते, आणि यादी एकदा निघाली की तीत नवी वस्तू घालता येत नाही. ऐन वेळी बॅगेत टाकलेली एखादी लेन्स मग परतीला डोकेदुखी ठरते. वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे टेप, मेकअप, साधे सेल, कार्नेत येत नाहीत.

शिक्के चार : भारतातून निघताना पिवळ्या पानावर, तिथे उतरल्यावर पांढऱ्यावर, तिथून निघताना पांढऱ्यावर, घरी आल्यावर पुन्हा पिवळ्यावर. हमखास राहतो तो तिसरा. रात्रीची फ्लाइट, सगळे दमलेले, कस्टमचा माणूस शोधावा लागतो, आणि कोणीतरी म्हणतं, ‘चला, बघू नंतर.’ माल दक्षिण आफ्रिकेबाहेर गेल्याचा पुरावाच राहत नाही आणि काही महिन्यांनी शुल्काची मागणी येते. माल चेक-इनला देण्याआधी शिक्का घ्या, नंतर दाखवायला माल हातात नसतो.

जोहान्सबर्गमार्गे केप टाऊनला जात असाल तर सामान जोहान्सबर्गलाच ताब्यात घेऊन कस्टम करावं लागतं. पुढचं विमान किमान चार तासांनी ठेवा. थेट केप टाऊनला उतरणारी आंतरराष्ट्रीय विमानं त्यापेक्षा सोयीची.

लिथियम बॅटऱ्या सुट्या असतील तर हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात. १०० ते १६० च्या माणशी दोन, त्याही एअरलाइनच्या परवानगीने. त्यावरच्या प्रवासी विमानात नाहीत. म्हणून कॅमेऱ्याच्या ९८ वॉट-अवरच्या व्ही-माउंट बॅटऱ्या घ्या आणि युनिटमध्ये वाटून न्या.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. तिथलं जुनं सॉकेट म्हणजे आपल्या गीझरचा मोठा तीन गोल पिनांचा प्लग. घरातला पॉवर प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड नेलात तर अ‍ॅडॉप्टर शोधावा लागणार नाही. नव्या इमारतींत मात्र लहान पिनांचं वेगळं सॉकेट दिसतं.

ड्रोन नेऊ नका. व्यावसायिक शूटसाठी तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाचं ऑपरेटर प्रमाणपत्र लागतं. ते पाहुण्याला आठवडाभरात मिळण्यातलं नाही. प्रमाणपत्रधारक स्थानिक ऑपरेटर दिवसाच्या भाड्याने घ्या.

प्रश्न : तिथले मॉडेल घेतले तर एकदाच पैसे देऊन मोकळं होता येईल का?

उत्तर : आपल्याकडे ‘बायआउट’, म्हणजे एकरकमी हक्क, म्हटलं की विषय संपतो, तिथे तिथून सुरू होतो. कामाच्या दिवसाचं मानधन वेगळं आणि वापराचं वेगळं. वापर म्हणजे कोणता देश, कोणतं माध्यम, किती काळ. ‘भारत, टीव्ही आणि डिजिटल, १२ महिने’ असं घेतलंत आणि फिल्म यूट्यूबवर सगळ्या जगाला खुली ठेवलीत तर कराराचा भंग होतो. जागतिक डिजिटल हक्क तरी घ्या, नाहीतर इतर देशांत दिसणार नाही अशी सेटिंग करा. मुदतवाढीचा दर आत्ताच ठरवा, कारण जाहिरात चालली की तो वाढतो. एडिटमध्ये गर्दीतला एखादा चेहरा ओळखू येण्याइतका पुढे आला तर त्याची एजन्सी वरच्या श्रेणीचे पैसे मागते, आणि ते वाजवी आहे.

पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर तिथल्या रोजगार व कामगार खात्याचा परवाना लागतो. मूल इथून नेलं तरी.

आणि युनिट पर्यटक व्हिसावर नेऊ नका. तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम ११(२) खाली कामाची मुभा असलेला, ९० दिवसांपर्यंतचा व्हिजिटर व्हिसा असतो. त्यासाठी तिथल्या निर्मिती कंपनीचं निमंत्रणपत्र घ्या.

प्रश्न : आम्ही नाशिकचे, दोन मुलांसह क्रूगर अभयारण्य आणि व्हिक्टोरिया धबधबा पाहायला जाणार आहोत. कागदपत्रांत काय अडतं?

उत्तर : बहुतेक वेळा मुलाचा जन्मदाखला. बारशाआधी नोंद झालेल्या दाखल्यावर मुलाचं नावच नसतं. महापालिकेतून नाव नोंदवून, आईवडील दोघांची नावं असलेला नवा दाखला घ्या. स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा. आईवडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र हवं. धबधबा झिम्बाब्वे-झांबियाच्या सीमेवर आहे, तेव्हा तो पाहून परत दक्षिण आफ्रिकेत येणार असाल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. पासपोर्टात कोरी पानं राहू द्या. गटाने जाणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५ पासून भारत आणि चीनमधल्या निवडक सहल कंपन्यांना व्हिसाची वेगळी, जलद वाट दिलेली आहे. तुमची कंपनी त्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. लसीच्या दाखल्याची विचारणा दक्षिण आफ्रिकेत होते तशी परतताना भारतातही होते.

क्रूगरमध्ये सप्टेंबर ते मे मलेरियाचा धोका जास्त, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. प्राणी पाहायला जून ते सप्टेंबर उत्तम. गवत आखूड असतं आणि जनावरं पाणवठ्यांवर येतात. पहाटे मात्र उघड्या गाडीत कानटोपी आणि स्वेटर लागतो. सॅनपार्क्सच्या उघड्या सफारी गाड्यांत सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. धाकटं तेवढं लहान असेल तर स्वतःची गाडी भाड्याने घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, इंग्रजीतला परवाना चालतो. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. संध्याकाळी फाटक बंद होण्याची वेळ महिन्यागणिक बदलते. ती आत शिरतानाच विचारून घ्या, कारण उशीर झाला तर दंड होतो, आणि सिंह दिसल्यामुळे थांबलो हे कारण तिथे कोणी ऐकून घेत नाही.