वाचकांचे प्रश्न : ‘जी’ किती, यापेक्षा किती झपाट्याने?

प्रश्न : लढाऊ विमानाचे वैमानिक ९ जी सहन करतात म्हणे. मग एखादा ५ जीलाच बेशुद्ध कसा पडतो? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : १ जी म्हणजे आपलं रोजचं वजन. ५ जीला ६० किलोचा माणूस ३०० किलोचा होतो आणि त्याचं रक्तही पाचपट जड होतं. मेंदू हृदयापासून साधारण ३० सेंटिमीटर वर. तिथवर रक्त चढवताना दर जीमागे सुमारे २२ मिलिमीटर (रक्तदाब मोजतात त्या पाऱ्याच्या मापात) दाब खर्ची पडतो. हृदयाजवळचा सरासरी दाब १०० धरला, तर साडेचार जीला मेंदूपाशी काहीच उरत नाही. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, म्हणून नजर त्याआधी जाते : रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, मग अंधार.

खरा घात मात्र झपाट्यामुळे होतो. रक्तदाब घसरला की मानेतल्या धमन्यांतून मेंदूला खबर जाते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. याला ६ ते १० सेकंद लागतात. मेंदूतला शिल्लक प्राणवायू ४-५ सेकंदच पुरतो. जी सावकाश वाढला तर शरीर सावरतं. सेकंदाला १ जीपेक्षा जास्त वेगाने चढला, तर नजरेचा इशारा न मिळता थेट शुद्ध हरपू शकते. शुद्ध आल्यावरही काही सेकंद भान नसतं आणि विमान तोवर कोणाच्याच हातात नसतं.

म्हणून स्टिक (विमान वर-खाली वळवणारा दांडा) ओढण्याआधीच पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट आवळायचं. छातीभर श्वास घेऊन घसा बंद, ३ सेकंद जोर, मग एका सेकंदाच्या आत थोडा श्वास सोडून पुन्हा भरायचा. चुका ठरलेल्या : उशिरा सुरुवात, पूर्ण श्वास सोडणं, किंवा फार वेळ रोखणं. श्वास लांबला की हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं. जी-सूट (हवा भरून पाय-पोट आवळणारा पोशाख) यात साधारण १ ते दीड जीची भर घालतो. बाकी कष्ट स्नायूंचेच.

आणखी एक सापळा : आधी विमानाचं नाक खाली ढकलून उणे जी (वजन उलट, डोक्याच्या दिशेने), आणि लगेच वर ओढणं. उणे जीमध्ये रक्त डोक्याकडे जातं, शरीर नाडी मंदावून वाहिन्या सैल सोडतं. त्या अवस्थेत एरवी सहज पेलणारा जीही भारी पडतो.

प्रश्न : मुलगा छोट्या विमानावर शिकतो. मे महिन्यात वळणांमध्ये गरगरतं. (एक पालक, अमळनेर)

उत्तर : उंची न सोडता ६० अंश कललेल्या वळणात २ जीच असतो, निरोगी माणसाला तो जड नाही. पण आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात घामाने रक्तातलं पाणी घटतं, त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात आणि सहनशक्ती उतरते. लघवी फिकट होईपर्यंत पाणी प्यावं. उपवासाच्या दिवशी वळणांचा सराव नको. सकाळी कळण्याची भाकरी खाऊन जावं. जुलाब, ताप किंवा अपुरी झोप असेल तर उड्डाण पुढे ढकलावं. तरीही गरगरलं, तर त्याच दिवशी प्रशिक्षकाला आणि विमानचालकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. मागे बघायचं असेल तर वळणात शिरण्याआधी बघून घ्यावं. वळणात झटकन मान फिरवली की कानातला तोल फसतो आणि विमान कोलांटी घेतंय असं वाटतं.