कुस्तीत १२ वर्षांच्या मुलाचा कान सुजून वाकडा झालाय, ऑपरेशनने नीट होईल का?

सूज बोटाला पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागते का? मग आत रक्त साठलंय, आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. कूर्चेला, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचीक, मऊ हाडाला, रक्त मिळतं वरच्या पातळ आवरणातून. या दोन्हींच्या मधे रक्त साठलं की तो पुरवठा तुटतो आणि ७ ते १० दिवसांत कडक गाठ धरू लागते. डॉक्टर छोटा छेद देऊन रक्त काढतात, मग दोन्ही बाजूंनी बोळे ठेवून टाक्यांनी दाबून ठेवतात, नाहीतर पुन्हा भरतं. घरी सुई अजिबात टोचू नका!

कान आधीच कडक झाला असेल तर घाई नाही. पूर्ण भूल देऊन जादा कूर्चा तासतात. फारच चुरगळला असेल तर बरगडीची कूर्चा बसवतात. आकार सुधारतो, हुबेहूब पहिल्यासारखा क्वचितच. तालमीत मोडका कान पैलवानाची खूण मानतात, पण पोर अजून लहान आहे. वस्तादांशी बोला, जखम पुरती भरेपर्यंत लढत बंद, नंतर कान झाकणारं हेडगिअर घालूनच.