‘लक्ष्यित मेदगोळी’ चालेल का?

प्रश्न असा : ‘लक्ष्यित मेदगोळ्यांद्वारे प्रतिकारपेशींना औषध’ हे शीर्षक बरोबर आहे का, आणि लायपोसोमला (औषध वाहून नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म पिशवीला) मराठीत काय म्हणावे?

‘मेदगोळी’ नको. गोळी भरीव असते, लायपोसोम पोकळ. तो ज्या मेदाचा बनतो त्या फॉस्फोलिपिडच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. पाण्यात हे रेणू शेपट्यांना शेपट्या भिडवून दुपदरी पापुद्रा धरतात आणि तो मिटून पिशवी होते. पापुद्रा जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाड, औषधासाठी वापरायची पिशवी बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास. आत पाणीच. त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध पिशवीच्या पोकळीत राहते, तेलकट औषध पापुद्र्यातच रुतते. ‘गोळी’ म्हटले की हे सगळे पुसले जाते. ‘पुट’ म्हणजे मिटलेली किंवा दुमडलेली पोकळी, नासापुट आणि करसंपुट यांतली. तिचे लहान रूप पुटिका. म्हणून ‘मेदपुटिका’; पहिल्या उल्लेखात शेजारी ‘लायपोसोम’ही द्यावे. मात्र ‘लायसोसोम’ लिहिले जाऊ नये. ती लयकारिका, गिळलेले पचवणारा पेशीचा स्वतःचा भाग. गिळलेली मेदपुटिका बहुधा तिथेच जाऊन फुटते, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येतात आणि घोटाळा हमखास होतो.

आता ‘लक्ष्यित’. ज्यावर नेम धरला ते लक्ष्यित. म्हणजे लक्ष्यित ठरते ती पेशी, पुटिका नव्हे. ‘लक्ष्यवेधी’ व्याकरणात बसतो (‘य’ गळला तर ‘लक्षवेधी’ होऊन भलताच अर्थ निघतो), पण वेध म्हटला की बाण निशाणाकडे झेपावतो. इथे तसे काही घडत नाही. पुटिका रक्ताबरोबर नुसती वाहते. यकृत आणि प्लीहा यांतल्या महाभक्षी पेशी (प्रतिकारपेशींचाच एक प्रकार) तिला परकी समजून गिळतात. काळा आजाराचा परजीवी याच पेशींत राहतो, म्हणून मेदपुटिकेतले अँफोटेरिसिन बी हे औषध त्याच्यावर इतके उपयोगी पडते. पुटिकेवर मॅनोज शर्करा जोडली, तर या पेशींवरचे मॅनोज-ग्राही (मॅनोजला पकडणारे रेणू) तिला आणखी सहज धरतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिले, तर उलट त्या तिला उशिरा ओळखतात आणि ती रक्तात जास्त वेळ टिकते. तेव्हा मूळ मजकुरात पुटिका प्रतिकारपेशींकडे पाठवायची आहे की त्यांच्यापासून लपवायची आहे, हे आधी पाहावे. विशेषण हवेच असेल तर मी ‘लक्ष्यगामी’ घेईन.

शीर्षकातले ‘प्रतिकारपेशींना’ही बदलावे, नाहीतर त्या पेशीच आजारी वाटतात. पेशी कोणती ते ठाऊक असेल तर तिचे नावच द्यावे : ‘मेदपुटिकांतून महाभक्षी पेशींपर्यंत औषध’.