इनकॉग्निटो नेमके कोणापासून लपवते?

प्रश्न : थायरॉइडविषयीची माहिती मी नेहमी मोबाईलवर ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडूनच शोधते, तरीही त्याच आजाराच्या जाहिराती नंतर दिसू लागतात. असे का होते? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : ही सोय मुळात तोच फोन हाताळणाऱ्या घरातल्या माणसांपासून आडोसा मिळावा एवढ्यापुरती आहे. खिडकी बंद करताच पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकीज (संकेतस्थळांनी आपली ओळख ठेवण्यासाठी फोनवर साठवलेल्या छोट्या नोंदी) आपल्या फोनवरून पुसल्या जातात. मात्र त्या संकेतस्थळांकडे आणि त्यांवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्यांकडे झालेली नोंद त्यामुळे पुसली जात नाही. त्याच खिडकीत आपण ईमेलसाठी लॉगिन केले असेल, तर शोध थेट आपल्या खात्याशी जोडला जाऊ शकतो. लॉगिन केले नसले तरी वायफायचा आयपी पत्ता (इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणारा क्रमांक) तोच असतो, आणि फोनचे मॉडेल, पडद्याचा आकार, भाषा, बसवलेले फॉन्ट यांच्या एकत्रित खुणांवरूनही ब्राउझर ओळखता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने 2010 साली केलेल्या पाहणीत तपासलेल्या ब्राउझरांपैकी 83.6 टक्के ब्राउझरांच्या अशा खुणा इतर कोणाशीही जुळत नव्हत्या.

आपला गैरसमज मुळीच वावगा नाही. याच मुद्द्यावर कॅलिफोर्नियात 2020 साली गूगलविरुद्ध दावा दाखल झाला आणि 2024 मधील तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे व खिडकीतील सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले. वापरकर्त्यांना त्या तडजोडीतून भरपाई मात्र मिळाली नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, कारण आजाराची माहिती ही माणसाची सर्वांत खासगी बाब आहे.

आजाराविषयी शोधताना कोणत्याही खात्यात लॉगिन करू नये, इतर संकेतस्थळांच्या कुकीज अडवणारा फायरफॉक्ससारखा ब्राउझर वापरावा आणि गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक जाहिराती बंद कराव्यात. व्हीपीएन (आपली इंटरनेट वाहतूक सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) घेतल्यास इंटरनेट कंपनीला आपण कोठे जाता ते दिसत नाही, परंतु ते सारे व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू शकते. म्हणून फुकटच्या व्हीपीएनपासून दूरच राहावे. कार्यालयाच्या फोनवर किंवा वायफायवर असा शोध घेऊच नये, कारण तेथील व्यवस्थापनाला त्याची नोंद ठेवता येते.