संस्थेत भरलं, डेअरीत कमी आलं: व्यवसायातल्या माहिती व्यवस्थेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या दूध संस्थेत रोज साधारण हजार लिटर गाईचं दूध जमतं. वजनकाटा, फॅट मशीन आणि संगणक जोडलेले आहेत, सभासदाला लगेच पावती मिळते. तरी दहा दिवसांचं बिल आलं की डेअरीकडून मिळणारी रक्कम आमच्या हिशेबापेक्षा कमी भरते. काही संचालक टेस्टर (फॅट तपासणारा कर्मचारी) बदला म्हणतात. काय करावं?
(सचिव, दूध संस्था, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: टेस्टर बदलण्याआधी किलो फॅट आणि किलो एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ताळा मांडा, आणि तो प्रत्येक पाळीचा वेगळा मांडा. सध्या तुमचा संगणक पावत्या आणि बिलं काढतो. त्यातून कुणाला किती पैसे द्यायचे ते कळतं, तूट कुठे येते ते कळत नाही.

लिटरला १.०३ ने गुणलं की किलो मिळतात. १,००० लिटर म्हणजे १,०३० किलो. फॅट ४.० असेल तर ४१.२ किलो फॅट आणि एसएनएफ ८.५ असेल तर ८७.५५ किलो एसएनएफ तुम्ही पाठवलं. डेअरीच्या पोचपावतीवरून हेच दोन आकडे काढून शेजारी लिहा.

इथे एक ठरलेली चूक होते. दिवसाचं सरासरी फॅट काढताना सगळ्या सभासदांच्या फॅटची बेरीज करून सभासदसंख्येने भागतात. समजा, एकाने ३.५ फॅटचं ४० लिटर घातलं आणि दुसऱ्याने ४.५ फॅटचं ५ लिटर. साधी सरासरी ४.० येते, पण दोन्ही दूध एका कॅनमध्ये ओतलं तर फॅट ३.६१ लागेल. जास्त दूध घालणाऱ्यांचं फॅट कमी असलं की अशी कागदावरची तूट रोज दिसत राहते, आणि ती मुळात तूटच नसते. म्हणून प्रत्येक पावतीचे किलो गुणिले फॅट, आणि मग त्याची बेरीज, असाच रिपोर्ट सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या.

एवढं करूनही फरक राहिला तर तो कसा आहे ते बघा. किलो कमी आणि फॅट-एसएनएफचे टक्के तेच, तर काटा, सांडलवंड किंवा लिटर-किलोचा गुणक दोन्हीकडे वेगळा. किलो बरोबर, एसएनएफ बरोबर, फक्त फॅट कमी, तर मशीनचं कॅलिब्रेशन (प्रमाणित आकड्याशी जुळवणी), सॅम्पल घेण्याची पद्धत किंवा वाटेत साय काढणं. संस्थेतून निघालेल्या वजनापेक्षा डेअरीत किलो जास्त आणि फॅट-एसएनएफ दोन्हींचे टक्के एकाच प्रमाणात खाली, तर संकलनानंतर पाणी गेलं आहे.

सॅम्पलकडे विशेष लक्ष द्या, कारण बहुतेक वाद तिथे सुरू होतात. कॅन न ढवळता वरून सॅम्पल घेतलं तर वर आलेल्या सायीमुळे फॅट जास्त दाखवतं. नुकतंच ओतलेलं फेसाळ दूध अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या) फॅट मशीनला चालत नाही, हवेच्या बुडबुड्यांनी आकडा चुकतो. आंबूस दुधाचंही तसंच. आठवड्यातून एकदा त्याच सॅम्पलचं गर्बर पद्धतीने फॅट काढून मशीनशी ताडून बघा: १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. फरक सतत एकाच बाजूला येत असेल तर कॅलिब्रेशन करून घ्या. शिवाय हाताने टाकलेल्या फॅटच्या नोंदींची यादी रोज काढा. मशीन बंद पडल्यावर अशा नोंदी होणारच, पण त्या एकाच पाळीत किंवा ठरावीक सभासदांच्याच नावावर दिसल्या, तर संचालक मंडळाने विचारायचा प्रश्न तो. तीन बिलांचा असा ताळा हातात आल्यावरच माणसाबद्दल निर्णय घ्या. त्याआधी घेतलेला निर्णय अन्यायाचा ठरू शकतो.

प्रश्न: किराणा मालाची एजन्सी आहे, सुमारे १,४०० आयटम. संगणकातला स्टॉक आणि गोडाऊनमधला माल कधीच जुळत नाही, काही आयटम तर उणे दिसतात. मोठं ईआरपी (खरेदी, विक्री, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?
(वितरक, अहिल्यानगर)

उत्तर: आत्ता नको. नवीन सॉफ्टवेअरमध्येही सुरुवातीचा स्टॉक हाच चुकीचा जाईल.

उणे स्टॉक म्हणजे विक्रीची नोंद झाली, खरेदीची राहिली. गाडी सकाळी उतरते, माल दुपारी विकला जातो आणि खरेदी बिल रात्री चढतं. आवक नोंद गोडाऊनमध्येच, माल मोजून घेताना व्हायला हवी. दर आणि जीएसटी अकाउंटंट नंतर भरेल. दुसरं कारण एककाचं: खरेदी बॉक्समध्ये, विक्री नगात, आणि मास्टरमध्ये (संगणकातल्या आयटमच्या मूळ यादीत) बॉक्सचे नग चुकलेले. तिसरं, स्कीमचा फुकट माल बिलात शून्य रकमेचा म्हणून चढवलाच जात नाही. चौथं, एकच साबण दोन नावांनी मास्टरमध्ये. मग एकीकडे उणे २४, दुसरीकडे अधिक २४. दुकानदारांकडून परत आलेला आणि मुदत संपलेला माल वेगळ्या गोडाऊन-नावाखाली टाका, नाहीतर तो विक्रीयोग्य म्हणून मोजला जातो.

वर्षातून एकदा सगळी मोजणी करण्यापेक्षा रोज ३० आयटम मोजा. विक्रीच्या रकमेनुसार उतरत्या क्रमाने यादी काढा आणि वरचे आयटम दर आठवड्याला, खालचे तीन महिन्यांतून एकदा घ्या. मोजणी सकाळी बिलिंग सुरू होण्याआधीच करा. फरक सापडला की आकडा लगेच दुरुस्त करू नका, आधी कारण लिहा. महिनाभरात वरची चार कारणं कोणत्या क्रमाने त्रास देतात ते दिसेल.

स्टॉक जुळायला लागला की मागणीची पातळी लावा. एखादं तेल रोज सरासरी १२ बॉक्स जातं, कमाल १६. कंपनीचा माल सरासरी ५ दिवसांत येतो, उशिरात उशिरा ८. उशिराच्या काळात कमाल खप धरला तर १६ × ८ = १२८. स्टॉक १२८ बॉक्सवर आला की ऑर्डर जायला हवी. सरासरीवर चाललात तर ६० येतात, आणि गाडी लांबली की माल संपतो. दिवाळीआधी मात्र खपाचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांचा घ्या, गेल्या महिन्याचा नको.

प्रश्न: फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. अकाउंटंट महिन्याला जाडजूड रिपोर्ट देतो. मालकाने त्यातलं नेमकं काय बघावं?
(उद्योजक, भोसरी)

उत्तर: येणं-बाकीचा वयवार रिपोर्ट, बिलागणिक: ० ते ४५ दिवस, ४६ ते ९०, त्यापुढे. तो खरा येण्यासाठी जमा झालेली रक्कम कोणत्या बिलापोटी आली ते नोंदलेलं हवं. ‘ऑन अकाउंट’ म्हणून, म्हणजे कोणत्याही बिलाशी न जोडता, टाकलेल्या रकमा जुनं बिल जुनंच ठेवतात, आणि ज्याने पैसे दिले त्यालाच वसुलीचा फोन जातो.

तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर बिलावर तो क्रमांक छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून सही-शिक्क्याच्या डिलिव्हरी चलनाची तारीखही संगणकात चढवा. नवी ऑर्डर घेताना हा रिपोर्ट समोर ठेवा: ९० दिवसांपुढे बाकी असलेल्याला आगाऊ रकमेशिवाय प्लेट कापायला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: जुन्या नोंदी कुणीतरी बदलतं असं वाटतं. कसं कळेल?
(वाचक, मडगाव)

उत्तर: सगळे एकाच पासवर्डने काम करत असतील तर कळणार नाही. आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या आणि एडिट लॉग (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) चालू करा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारकच आहे. महिन्याचं जीएसटी रिटर्न भरलं की त्या महिन्याच्या नोंदींना कुलूप घाला. बॅकअप रोज घ्या, एक प्रत दुकानाबाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक जुळतो का ते बघा.