लाइट गेल्यापासून सिसव्हॉल बिघडलंय, ग्रुप पॉलिसी लागत नाहीत. ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोर करू का?

शिरोली एमआयडीसीत कारखाना, शाहूपुरीत ऑफिस, दोन्हीकडे एकेक डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या पीसींना लागणारे नियम, सांभाळणारा सर्व्हर). मागच्या आठवड्यात लाइट गेली, ऑफिसच्या यूपीएसनं दगा दिला आणि तेव्हापासून तिथल्या पीसींवर १०५८ एरर (पॉलिसीची फाइल वाचता आली नाही) येतोय. सिसव्हॉल म्हणजे पॉलिसी आणि स्क्रिप्ट्सचं दोन्ही सर्व्हरवर सारखं राहायला हवं असं फोल्डर; त्यातलं पॉलिसीज फोल्डर शिरोलीच्या सर्व्हरवर भरलेलं दिसतंय, ऑफिसच्या सर्व्हरवर निम्मं गायब. असंच ना?

मग ऑथॉरिटेटिव्हच्या, म्हणजे एका सर्व्हरची प्रत खरी ठरवून दुसऱ्यावर लादण्याच्या, नादाला लागू नका. ते दोन्हीकडचा डेटा गेल्यावर किंवा खरी प्रत कुठली यावरच घोळ असेल तेव्हाचं औषध. चुकीच्या सर्व्हरवर केलंत तर तिथलं अर्धवट फोल्डरच 'खरं' ठरतं आणि शिरोलीची चांगली प्रतही त्याच्यासारखी होते. व्हीएमचा जुना स्नॅपशॉट परत फिरवायचा विचारही नको.

आधी शिरोलीचं अख्खं पॉलिसीज फोल्डर आणि स्क्रिप्ट्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग ती प्रत खरंच धड आहे का ते बघा, नुसत्या फोल्डरांच्या संख्येवर जाऊ नका. प्रत्येक लांबलचक आयडीच्या फोल्डरात जीपीटी डॉट आयएनआय असते. नोटपॅडमध्ये उघडली की व्हर्जनचा आकडा दिसतो. समजा ६५५३९ आहे. त्याला ६५५३६ नं भागलं की भागाकार १, म्हणजे युजर सेटिंगचं व्हर्जन १. बाकी ३, म्हणजे कॉम्प्युटरचं व्हर्जन ३. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनच्या मुख्य डेटाबेसमधल्या) त्याच पॉलिसीच्या व्हर्जन नंबरशी हा आकडा जुळला पाहिजे. फाइल रिकामी असेल किंवा आत कचरा असेल, तर ती पॉलिसी गेली समजा. कन्सोलमध्ये नाव दिसतंय म्हणून भुलू नका. नाव डिरेक्टरीतून येतं, बहुतेक सेटिंग सिसव्हॉलमध्ये असतात.

आता ऑफिसच्या सर्व्हरवर डीएफएस रेप्लिकेशनचा (सिसव्हॉल दोन्ही सर्व्हरवर सारखं ठेवणाऱ्या सेवेचा) लॉग उघडा. लाइट जाऊन सर्व्हर धाडकन बंद पडला असेल तर कदाचित २२१३ नंबरचा इव्हेंट सापडेल. त्याचा अर्थ डेटाबेस नीट बंद झाला नाही म्हणून रेप्लिकेशन थांबवलंय. पुन्हा सुरू करायची कमांड त्याच इव्हेंटच्या मजकुरात व्हॉल्यूमच्या आयडीसकट तयार असते. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. ४०१२ असेल तर मात्र सर्व्हर ठरल्या मुदतीपेक्षा, म्हणजे डिफॉल्ट ६० दिवसांपेक्षा जास्त काळ तुटलेला होता. (महापुरानंतर एखादं ऑफिस दोन महिने बंद राहिलं की हे होतंच.)

तरीही गाडी अडली तर ऑफिसपुरता नॉन-ऑथॉरिटेटिव्ह सिंक करा, म्हणजे ऑफिसचा सर्व्हर शिरोलीची प्रत नव्यानं घेईल. एडीएसआय एडिटमध्ये (डिरेक्टरीतल्या नोंदी बदलायचं टूल) त्या सर्व्हरच्या नावाखाली, डीएफएसआर लोकल सेटिंग्जमध्ये सिसव्हॉल सबस्क्रिप्शन सापडेल. त्यातलं एनेबल्ड फॉल्स करा, डिरेक्टरीचं रेप्लिकेशन करून घ्या, मग 'डीएफएसआर-डायग पोल-एडी' चालवा. लॉगमध्ये ४११४ आला की पुन्हा ट्रू करून तेच सगळं परत. आधी ४६१४, मग ४६०४ दिसला की झालं. ४६१४ वर अडकलं तर सर्व्हर अजून शिरोलीची वाट बघतोय, मधली नेटवर्क लाइन तपासा. तिथल्याच ऑप्शन्सच्या आकड्याला हात लावू नका. तिथं १ टाकणं म्हणजे ऑथॉरिटेटिव्ह.

बर्फ्लॅग्ज, डी-२, डी-४ वगैरे वाचनात येईल. ते डीएफएसच्या आधीच्या जुन्या एफआरएस रेप्लिकेशनचं, इथं उपयोग शून्य.

शिरोलीची प्रतही खराब निघाली तर जीपीओचा (ग्रुप पॉलिसींचा) बॅकअप किंवा सर्व्हरचा सिस्टिम स्टेट बॅकअप शोधा. काहीच नसेल तर 'डीसी-जीपीओ-फिक्स' आहे, पण ते फक्त दोन डिफॉल्ट पॉलिसी मूळ स्थितीत आणून देतं. बाकीच्या हातानं उभ्या कराव्या लागतील.

ऑफिसच्या सर्व्हरवर 'नेट शेअर' चालवून सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन दोन्ही दिसतायत का ते सांगा, आणि लॉगमध्ये नेमका कुठला नंबर आलाय तेही. मग पुढचं बघू.