आराखड्याचे पहिले पान

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते, परंतु ‘स्त्रिया लढाऊ तुकड्यांत सामावू शकतात का’ असा प्रश्न पहिल्याच पानावर मांडल्यामुळे सगळी परीक्षा स्त्रियांचीच होते, आणि तुकडीचे प्रशिक्षण, तिचे निकष, तिचे सामान हे सारे तपासणीतून सुटते.

अमेरिकी मरीन कोअरचा (नौदलाशी संलग्न लढाऊ दलाचा) 2015 चा प्रयोग, ज्यात केवळ पुरुषांच्या आणि स्त्री-पुरुष मिश्र तुकड्यांची तुलना झाली, तू एका वाक्यात निकालात काढला आहेस, ते मला पटले नाही. 134 कामांपैकी 93 कामांत फक्त पुरुष असलेल्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. स्त्रियांमध्ये स्नायू-हाडांच्या दुखापतींचे प्रमाण 40.5 टक्के, तर पुरुषांमध्ये 18.8 टक्के होते. आकडे गैरसोयीचे आहेत म्हणून त्यांना तळटीपेत ढकलू नकोस. उलट ते प्रकरणाच्या मध्यभागी घे आणि मग विचार, की मोजले नेमके काय? तुलना तुकड्यांच्या सरासरीची होती; अमुक एक स्त्री ठरलेले ओझे ठरलेल्या वेळात नेऊ शकते का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही, आणि भरती तर एकेका माणसाची होते. शिवाय त्यातल्या स्त्रिया पायदळाच्या प्रशिक्षणातून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, तर अनेक पुरुषांच्या गाठीशी प्रत्यक्ष तुकडीतला अनुभव होता.

सामानाचेही पाहा. स्त्रियांच्या बांध्याला बसेल असे चिलखती जाकीट अमेरिकी लष्कराने 2013 मध्ये वाटायला घेतले. त्याआधीचे जाकीट बसताना मांडीत रुतत असे आणि बंदूक खांद्याला लावताना आडवे येत असे. दुखापतींत शरीराचा वाटा किती आणि अशा सामानाचा किती, हे वेगळे काढता येईल का, यावर तुझे एक प्रकरण सहज उभे राहील.

नॉर्वेच्या लष्करातला अभ्यास मात्र तू अर्धाच सांगितला आहेस (बहुतेक जण तसेच करतात). तिथे नवभरतीच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात काही तुकड्यांत स्त्रिया यादृच्छिक पद्धतीने नेमल्या गेल्या आणि सगळे एकाच खोलीत राहिले. मिश्र तुकड्या तितकेच किंवा अधिक चांगले काम करतात, असे मानणाऱ्या पुरुषांचे प्रमाण त्यामुळे 14 टक्केबिंदूंनी वाढले. मात्र निकटचा सहवास संपल्यानंतर, सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा तो परिणाम टिकला नव्हता. संशोधनाच्या दृष्टीने मला हा उत्तरार्धच मोलाचा वाटतो, कारण मत बदलणे आणि बदललेले मत टिकणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी असू शकतात.

15 टक्क्यांच्या उंबरठ्याबद्दल (गटात स्त्रिया साधारण तेवढ्यापर्यंतच असतील, तर त्या केवळ प्रतीक म्हणून पाहिल्या जातात, या मताबद्दल) थोडेच लिहितो: समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये तो मांडला, तो एका कंपनीतल्या विक्रेत्यांच्या निरीक्षणावरून. तो लष्कराला लावायचा असेल, तर का लावता येतो हे आधी दाखवावे लागेल.

पहिले पान नव्याने लिहून पाठव. ते येईपर्यंत पुढच्या प्रकरणांवर मी शेरे लिहीत नाही.

तुझा मार्गदर्शक